पाने मोजा, पण वाचता येणारी

गेल्या वैशाखात डोंगरी भागातल्या एका गावचे वयस्कर शेतकरी हातात एक छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले. साताऱ्यात लोकांचे जुने मोडी कागद वाचून देण्याचे काम मी बरीच वर्षे करते, त्यामुळे असे कागद घेऊन येणाऱ्यांची घरी नेहमीच ये-जा असते. ही प्रत जुन्या फेरफार नोंदवहीतल्या एका पानाची होती. आजोबांचे नाव स्पष्ट होते, वाटणीचा तपशील होता, खाली कार्यालयाचा शिक्काही होता. पण पान स्कॅन होताना त्याचा उजवीकडचा वरचा कोपरा आत दुमडलेला राहिला होता आणि तिसऱ्या रकान्यातला सर्व्हे नंबर नेमका त्या दुमडीखाली गेला होता. “ताई, नाव दिसतंय, पण आकडा तेवढा दिसंना बघा,” असे ते म्हणाले. त्यांनी कार्यालयात पुन्हा चौकशी केली होती. त्या वहीचे स्कॅनिंग पूर्ण झाले आहे, बाड बांधून वर ठेवले आहे, असे त्यांना उत्तर मिळाले होते. कामाच्या हिशेबात ते पान ‘झालेले’ होते. त्या दिवशी कोणीतरी जी काही शेकडो पाने उरकली, त्यांत याचीही एक पान म्हणून मोजणी झाली असणार आणि त्याचे पैसेही चुकते झाले असणार.

पाने छापण्याचा, स्कॅन करण्याचा किंवा वाचण्याचा वेग मोजायला माझा मुळीच विरोध नाही. सार्वजनिक पैशातून होणारे काम किती दिवसांत उरकेल, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि त्याचे उत्तर आकड्यातच द्यावे लागते. माझा आक्षेप एका विशिष्ट प्रकारच्या मोजमापाला आहे. जे मोजमाप मागे फिरून चूक दुरुस्त करणाऱ्याचा वेळ तोट्याच्या खात्यात टाकते आणि चूक तशीच सोडून पुढे जाणाऱ्याला यादीत वर चढवते, ते अभिलेखांच्या कामात वापरू नये आणि शाळेतही वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

मुळात पान म्हणजे काय, इथूनच गोंधळाला सुरुवात होते. मराठीत आपण पान आणि पृष्ठ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पोथीच्या पानाला मात्र दोन बाजू असतात आणि आकडा घातलेला असतो तो पानाला, बाजूला नव्हे. झेरॉक्सच्या दुकानात ‘पाठपोट काढा’ असे आपण म्हणतो तेव्हा कागद एक आणि पैसे दोन प्रतींचे, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असते. स्कॅनरच्या माहितीपत्रकात मिनिटाला ४० पाने आणि ८० प्रतिमा असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले दिसतात. दोन्ही बाजू एकाच फेरीत टिपणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ते दोन्ही खरे असतात. पण कामाच्या करारात नुसते ‘पान’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोरी पाठही एक पान म्हणून मोजता येते, आणि जुन्या वह्यांत कोऱ्या पाठी काही कमी नसतात.

छपाईच्या यंत्रांच्या बाबतीत हा घोळ बराचसा निस्तरला गेला आहे आणि तो कसा निस्तरला हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी मिनिटाला किती पाने हा आकडा कंपन्या आपापल्या सोयीने काढत. फिक्या शाईचा मसुदा-प्रकार निवडायचा, जवळजवळ कोरे पान घ्यायचे, यंत्र तापून पहिला कागद बाहेर येईपर्यंतचा वेळ सोडून द्यायचा आणि मग घड्याळ सुरू करायचे. कागदाच्या मापाचाही फरक पडे. अमेरिकेत वापरला जाणारा लेटर कागद २७९ मिलिमीटर लांब, तर आपला ए-फोर २९७ मिलिमीटर. त्यामुळे तेच यंत्र लेटरची पाने मिनिटाला एखाद-दोन जास्तच काढते, आणि जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा जाई. २००९ साली आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २४७३४ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात चाचणीच्या फाइली ठरवून दिल्या, यंत्र कारखान्यातून ज्या सेटिंगवर आले त्याच सेटिंगवर चालवायचे ठरले, आणि छपाईची आज्ञा दिल्यापासून शेवटचे पान पडेपर्यंतचा हिशेब एक आणि यंत्राने पूर्ण गती घेतल्यानंतरचा हिशेब दुसरा, असे दोन आकडे वेगळे काढले गेले. पहिले पान बाहेर यायला किती वेळ लागतो, त्यासाठी तर स्वतंत्रच मानक आहे.

ही बारीक वाटणारी गोष्ट आपल्या सेवा केंद्राच्या खिडकीशी थेट जोडलेली आहे. तिथे प्रत्येक माणसाला एकच सातबारा किंवा एकच दाखला हवा असतो. समजा, यंत्र मिनिटाला ३० पानांचे आहे, पण पहिले पान पडायला त्याला ८ सेकंद लागतात. मग एकेका पानाच्या कामात ते मिनिटाला सातच पाने देणार. तिसाचा आकडा खोटा नसतो; तो सलग शंभर पाने छापणाऱ्याचा असतो, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा नसतो.

स्कॅनिंगमध्ये मात्र आपण अजून जाहिरातीच्या आकड्यापाशीच अडकलो आहोत. बहुपयोगी यंत्रांच्या स्कॅनिंगसाठीही मानक आहे, पण ते सुट्या, स्वच्छ, सारख्या कागदांचे. शिवलेली फेरफार वही, पट्ट्या चिकटवून लांबवलेला मोडी कागद, वाळवीने कडा खाल्लेला दस्त, रुमालात बांधलेले आणि घड्या मोडलेले दप्तर यांना त्या आकड्यांतला एकही लागू पडत नाही. कागद आपोआप ओढणाऱ्या यंत्रात दोन कागद एकदम गेले तर ध्वनिलहरींनी ते ओळखून यंत्र थांबवण्याची सोय असते. पण मागून पट्टी लावलेला जुना कागद त्या यंत्राला दोन कागदांसारखाच वाटतो आणि ते दर थोड्या वेळाने थांबते. दिवसाची पाने भरायची असलेला माणूस ती सोय बंद करून टाकतो. त्यानंतर खरोखरच दोन कागद चिकटून गेले तरी कोणाला कळत नाही, आणि आतल्या कागदाचा मजकूर संगणकात कधी पोचतच नाही.

रिझोल्यूशनचेही तसेच. ए-फोर पान इंचाला ३०० बिंदू या मापाने टिपले तर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदूंची प्रतिमा होते. ६०० वर ती चौपट होते आणि २०० वर निम्म्याहूनही खाली, ३९ लाखांच्या आत येते. पडद्यावर पूर्ण पान एकदम पाहिले तर या तिन्हींत डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही, आणि पानांच्या मोजणीत तर काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो कागद वाचायला बसल्यावर. जुन्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण हे आकड्यापुढे उभ्या रेघा काढून दाखवत: चारापुढे एक रेघ म्हणजे सव्वाचार, दोन रेघा म्हणजे साडेचार. फिक्या पडलेल्या शाईतली दुसरी रेघ कमी बिंदूंच्या प्रतिमेत पुसली गेली, तर साडेचाराचे सव्वाचार होतात आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कोपरा दुमडलेला निदान दिसतो. ही चूक दिसतसुद्धा नाही, म्हणून मला तिची अधिक भीती वाटते.

एका घरच्या संग्रहातली शिवलेली मोडी वही मी आणि माझ्याकडे मोडी शिकणाऱ्या एका मुलीने वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली ठेवून घड्याळ लावून टिपली. मऊ कुंचल्याने धूळ झटकायची, कोपरे बोटाने उलगडायचे, शिवणीकडचा भाग हळू दाबून वर काच ठेवायची, प्रतिमा टिपायची आणि लगेच मोठी करून पाहायची. ६० पृष्ठांना ४७ मिनिटे लागली. त्यांतली ९ पृष्ठे आम्हांला पुन्हा टिपावी लागली, कारण कुठे शिवणीतली अक्षरे अंधारात गेली होती, तर कुठे काचेवर दिव्याची तिरीप पडली होती. कॅमेऱ्याला एका प्रतिमेला लागणारा वेळ दोन-तीन सेकंदांचाच होता. बाकीचा सगळा वेळ कागदाचा आणि नजरेचा होता. ती ९ पृष्ठे तशीच सोडली असती तर आमचा वेग वाढला असता. दरपानी मजुरी असती तर आम्ही त्या दिवशी जास्त कमावले असते.

हा सगळा विचार शासनाला नवा नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द, अशी अट वर्षानुवर्षे आहे. मराठीत जोडाक्षरे आणि काना-मात्रा असतात, त्यामुळे दोन्ही भाषांना एकच गज लावता येत नाही, हे त्या अटीत मान्यच केलेले आहे. शिवाय टंकलेखनाच्या परीक्षेत चुकांचे गुण वजा होतात. भराभर आणि चुकीचे टंकणारा तिथे पुढे जात नाही. एका पानाचा उतारा टंकणाऱ्या उमेदवाराला जो न्याय आपण लावतो, तो लाखो मूळ अभिलेखांच्या स्कॅनिंगला लावायला काय अडचण आहे, हे मला समजत नाही.

आणि स्कॅन झाल्यावर तरी काय होते? २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या नोंदींची तपासणी सुरू झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांचा सगळीकडे शोध सुरू झाला. पाने यंत्राने टिपता येतात, पण मोडी पान माणसालाच वाचावे लागते. मोडीत शब्द सुटे नसतात, ओळभर रेघ आधी मारून त्याखाली अक्षरे लवंडत जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे पुढचे वाक्य वाचल्यावर ठरते आणि वाचणाऱ्याला ओळीच्या सुरुवातीला परत यावेच लागते. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे वाचून, लावून, टिपा देऊन १८९७ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केली आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत हेच काम चालू ठेवले. पटवर्धन सरदारांबद्दल आज आपण जे काही विश्वासाने लिहितो, त्यातले कितीतरी त्या वाचनावर उभे आहे. त्यांच्या कामाला दिवसाला किती पाने हा निकष लावला असता, तर पहिल्याच वर्षी त्यांना कोणी कामावरून दूर केले असते.

हाच प्रश्न आता शाळेच्या वर्गात येऊन बसला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत हे त्यातले एक उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगले आहे, आणि ‘अर्थ समजून’ हे शब्द त्यात आहेत याचा मला आनंद आहे. पुढे २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात भाषेभाषेचे निकष वेगळे ठरवले गेले, तेही योग्यच झाले. इंग्रजीत ज्याला तीन-चार शब्द लागतात ते मराठीत ‘घरातल्यांनासुद्धा’ या एकाच शब्दात मावते. ‘तो आला’ हेही दोन शब्द आणि ‘शेजाऱ्यांच्या अंगणातल्या’ हेही दोनच, म्हणजे उतारा कसा निवडला यावरही आकडा खालीवर होतो. मराठीत अक्षरे मोजावीत, शब्द मोजू नयेत, असे मला वाटते. पण तो वाद बाजूला ठेवते.

खरी अडचण वर्गात घड्याळ हातात घेतल्यावर येते. मागच्या वर्षी एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीची एक मुलगी वाचताना पाहिली. उताऱ्यात ‘पुराचे पाणी ओसरले’ असे वाक्य होते. तिने ओळीवर बोट ठेवून ‘पाणी ओसरी’ असे वाचले, थांबली, बोट मागे नेले, ‘ओसरले’ असे नीट वाचले आणि मग पुढे गेली. ओसरी हा तिच्या घरातला शब्द, म्हणून तो आधी तोंडात आला. पण पाण्यापुढे ओसरी बसत नाही, हे तिला आपले आपण उमगले. वाचन म्हणतात ते याच क्षणाला. अशा चाचण्यांत स्वतःहून सुधारलेला शब्द सहसा बरोबरच धरतात, पण त्यात गेलेली सेकंदे परत मिळत नाहीत. न थांबता ‘पाणी ओसरी’ म्हणून पुढे गेलेल्या मुलाचा एक शब्द कमी होतो आणि पुढचे तीन-चार वाढतात. शिक्षकांवर आकड्यांचा ताण वाढला की मुलांना ‘मागे जाऊ नको, पुढे वाच’ असे सांगितले जाते. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकले आहे आणि त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही; तिला जे विचारले जाते तेच ती मुलांना शिकवणार.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. तुमच्यासारखे एकेका पानाला कुरवाळत बसले तर सगळी पाने व्हायच्या आतच वाळवी आणि पाणी त्यांना संपवेल, असे लोक म्हणतात. कृष्णाकाठच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० फुटांची आणि धोक्याची ४५ ची, यावरून त्या पाण्याचा अंदाज यावा. ग्रंथालयांत पाणी शिरले, हजारो पुस्तकांचा लगदा झाला. अशा ठिकाणी घाई केलीच पाहिजे. तळमजल्यावरचे कागद आधी घ्या, खराब प्रतिमा मिळाली तरी घ्या, कारण काहीच नसण्यापेक्षा ती बरी. पण ही घाई कुठे आणि का केली हे त्या प्रतिमेबरोबर लिहून ठेवावे आणि पुढे सवडीने ते पान पुन्हा टिपायची वाट उघडी ठेवावी. संकटातली घाई आणि दरपानी हिशेबातली घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला पहिलीचे कारण देऊन चालणार नाही.

मग करारात काय लिहावे? पैसे टिपलेल्या पानाचे नकोत, स्वीकारलेल्या पृष्ठाचे हवेत. सुटे कागद, शिवलेल्या वह्या आणि नाजूक झालेले कागद यांचे दर वेगवेगळे ठेवले म्हणजे वहीची शिवण उसवून ती यंत्रात घालण्याचा मोह राहणार नाही. स्कॅनिंगच्या आधी बाडातल्या प्रत्येक पानाला शिसपेन्सिलीने हलका क्रमांक घालावा, म्हणजे चिकटून गेलेले किंवा सुटलेले पान लगेच उघडे पडते. आणि तपासणी कंत्राटदाराकडून करून घेऊ नये. ती अभिलेख कक्षातल्या, ती अक्षरे वाचता येणाऱ्या माणसाने करावी. सगळी पाने तपासायची गरज नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण ‘एवढे कोण तपासणार’ या एका प्रश्नावर ही सूचना नेहमी बासनात जाते. दोन लाख पानांतून कुठलीही निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ३०० पाने काढली आणि त्यांत एकही सदोष निघाले नाही, तर एकूण सदोष पानांचे प्रमाण शेकडा एकाहून कमी असल्याची शंभरात पंच्याण्णव इतकी खात्री देता येते. हे संख्याशास्त्रातले साधे गणित आहे. मोडी नीट येणाऱ्या एका माणसाचे हे फार तर दोन-तीन दिवसांचे काम आहे. पण शेकडा एक हे प्रमाणही दोन लाखांत दोन हजार पाने होते, आणि त्यांतले प्रत्येक पान कोणाच्या तरी आजोबांचे असते. म्हणून उरलेल्या चुकांसाठी दुरुस्तीची रीत करारातच असायला हवी.

वैशाखात आलेल्या त्या शेतकऱ्यांचे बाड अखेर भाद्रपदात उघडले गेले, तेही एका जुन्या अभिलेखपालांनी मनावर घेतले म्हणून. त्यांनी पान टेबलावर ठेवले, कोपरा अंगठ्याने हळूच उलगडला, वर काचेचा पेपरवेट ठेवला आणि आकडा आम्हांला दाखवला. एक मिनिटही लागले नाही. त्यांनी नक्कल हाताने लिहून, सही-शिक्का करून दिली आणि त्या घरचे काम झाले. पान मात्र तसेच परत रुमालात गेले. संगणकात आजही दुमडलेल्या कोपऱ्याचीच प्रतिमा आहे, कारण ‘पूर्ण’ म्हणून नोंदलेल्या पानाच्या जागी नवी प्रतिमा चढवायची सोय त्या प्रणालीत ठेवलेलीच नाही.